व्हिस्कीचे रसग्रहण

मराठी मध्यमवर्गाने मद्याकडे पाहण्याच्या दोनच दृष्टी आजवर जोपासल्या आहेत. पहिली दृष्टी राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाने १९१९ साली रंगभूमीवर येऊन घडविली; त्यातील मद्यपी सुधाकराच्या अधःपाताने आणि त्याची पत्नी सिंधू हिच्या सोशिकपणाने पुढच्या पिढ्यांच्या मनांवर असा काही संस्कार केला की, मद्याचा विषय निघताच सभ्य घरातील संभाषण एक तर खुंटू लागले, किंवा उपदेशाच्या वाटेने चालू लागले. दुसरी दृष्टी अलीकडची आहे. परदेशाहून परतणाऱ्या आप्ताने विमानतळावरील करमुक्त दुकानातून आणलेली, सोनेरी पेटीत बसविलेली, अंगावर बारा किंवा अठरा असा आकडा मिरविणारी बाटली दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात मांडावयाची आणि तिची किंमत पाहुण्याच्या कानी सहज पडेल अशी तजवीज करावयाची, हे या दृष्टीचे मुख्य लक्षण होय. पहिलीच्या लेखी मद्य हे पाप आहे, दुसरीच्या लेखी ती प्रतिष्ठा आहे. परंतु त्या बाटलीत नेमके काय आहे, ते कोणत्या धान्यापासून, कोठे आणि किती काळात सिद्ध झाले, याची चौकशी करण्याचे प्रयोजन दोघींनाही वाटत नाही.

या दोन दृष्टींखेरीज तिसरी एक दृष्टी संभवते, आणि ती जिज्ञासूची आहे. जो प्रौढ मनुष्य कायद्याच्या मर्यादेत राहून व्हिस्की घेतोच, त्याने ती निदान जाणून घ्यावी. कारण जाणून घेण्याचा अभ्यास हाच प्रमाणाला आवर घालणारा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे, आणि जाणत्या गिऱ्हाइकावाचून कोणताही कारखानदार वा कोणतेही सरकार खरे बोलण्याची तसदी घेत नाही, असे माझे मत आहे.

हे मत मांडताना एक गोष्ट आधीच निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. जो मद्य घेत नाही त्याने ते केवळ रसिकतेच्या हौसेने घेऊ लागावे, असे सुचविण्याचा या लेखाचा उद्देश नाही. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टपणे सांगितले आहे. आणि ज्या महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्याने लोकचळवळीच्या बळावर १९९३ साली दारूबंदी मिळविली, त्या महाराष्ट्रात दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारांची आठवण न ठेवता मद्याविषयी लिहिणे हा निव्वळ असभ्यपणा ठरेल. व्हिस्कीचा गंध वर्णन करता आला म्हणून यकृत त्या मनुष्याला सवलत देत नाही. तेव्हा रसिकता हा निर्दोषपणाचा दाखला नव्हे, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

व्हिस्कीची विद्या शिकू पाहणाऱ्याने आरंभ पेल्यापासून न करता इतिहासापासून करावा, आणि त्या इतिहासाचे वैशिष्ट्य असे की, तो जवळजवळ सगळाच महसुलाच्या दफ्तरात लिहिलेला आहे. स्कॉटलंडमधील या पेयाची सर्वांत जुनी लेखी नोंद राजाच्या जमाखर्चात सापडते: १४९४ साली जॉन कॉर नावाच्या मठवासी धर्मबंधूस ‘आक्वा व्हिटे’ तयार करण्यासाठी आठ बोल, म्हणजे काही शे किलो, मोड आणलेले जव देण्यात आल्याची ती नोंद आहे. पुढे जबर कराच्या ओझ्यामुळे डोंगरदऱ्यांतून चोरट्या भट्ट्यांचे पीक आले, आणि अखेरीस १८२३ सालच्या अबकारी कायद्याने कराचा दर उतरवून परवाना वाजवी केला, तेव्हा कोठे हा धंदा राजमार्गावर आला. दुसऱ्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यात जॉर्ज स्मिथ याने रीतसर परवाना काढला, तेव्हा त्याच्या चोरटा धंदा करणाऱ्या शेजाऱ्यांना त्याचा इतका संताप आला की, जिवाच्या भीतीने त्याला पिस्तुलांची जोडी बाळगून हिंडावे लागले. १८३० साली अखंड चालणाऱ्या ऊर्ध्वपातन-स्तंभाचे पेटंट घेऊन स्वस्त आणि सौम्य धान्यमद्याचा मार्ग ज्याने खुला केला, तो एनिआस कॉफी हाही आयर्लंडमधील अबकारी खात्यातलाच माजी अधिकारी होता.

या सगळ्या कारभारातून जी व्याख्या कालांतराने सिद्ध झाली, ती शिकाऊ रसिकाने पाठ करून ठेवण्यासारखी आहे. स्कॉच या नावास पात्र होण्यासाठी ते मद्य स्कॉटलंडमध्येच, धान्यापासूनच तयार झाले पाहिजे, सातशे लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात तेथेच किमान ३ वर्षे मुरले पाहिजे, आणि बाटलीत भरताना त्याची तीव्रता ४० टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये. सिंगल माल्ट म्हणजे एकाच आसवनीत, केवळ मोड आणलेल्या जवापासून, तांब्याच्या पात्रात काढलेली व्हिस्की. अनेक आसवन्यांच्या माल्टमध्ये कॉफीच्या स्तंभातून निघालेले धान्यमद्य मिसळले की ती ब्लेंडेड स्कॉच होते. यांतील मुरवणुकीच्या अटीचा उगम मोठा बोधप्रद आहे. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, मद्यपानाचा कट्टर विरोधक असलेला लॉइड जॉर्ज ब्रिटनच्या तिजोरीचा कारभार पाहत असताना, कच्च्या मद्याच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा १९१५ साली झाला. त्याने प्रथम २ वर्षांची आणि लगेच पुढच्या वर्षी ३ वर्षांची मुरवणूक सक्तीची केली. मद्याला आळा घालण्याच्या हेतूने केलेल्या त्या कायद्यानेच स्कॉचचा दर्जा कायमचा उंचावला. संयम आणि गुणवत्ता यांचे वैर नसते, हे सांगावयास याहून चांगला दाखला शोधण्याची आवश्यकता नाही.

इतिहासाइतकीच निर्मितीची प्रक्रियाही समजून घ्यावी, कारण पेल्यात जे जे जाणवते त्यातील प्रत्येकाचे कूळ तेथे सापडते. जव भिजवून त्यांना मोड आणतात, मोड पुरेसे आले की उष्णता देऊन त्यांची वाढ थांबवितात; ही उष्णता देताना दलदलीत सहस्रावधी वर्षे साचलेल्या अर्धवट कुजक्या वनस्पतींचे, म्हणजे पीटचे, इंधन जाळले तर त्याच्या धुरातील फेनॉलवर्गीय द्रव्ये दाण्यात शिरतात, आणि आयला बेटावरील लाफ्रॉइग किंवा आर्डबेग यांसारख्या व्हिस्कींना जो धुराचा व टिंक्चर आयोडीनचा गंध येतो, त्याचे मूळ येथे असते. मग दाणे भरडून, ऊन पाण्यात त्यांची साखर उतरवून, यीस्टने आंबवून जो अर्क होतो, तो तांब्याच्या पात्रात बहुधा दोनदा ऊर्ध्वपातित करतात. आरंभीचा उग्र आणि अखेरचा जड, कुबट भाग बाजूस सारून केवळ मधलाच भाग घेतात, आणि तांबे त्यातील गंधकाची दुर्गंधी शोषून घेते. जे हाती येते ते पाण्यासारखे निर्वर्ण असते. त्याचा रंग आणि चवीचा फार मोठा अंश पुढे लाकडातून येतो: अमेरिकन बर्बन ज्यात मुरली त्या पिंपातून एक प्रकारचा, स्पेनमधील शेरी ज्यात होती त्या पिंपातून दुसऱ्या प्रकारचा.

इतके समजले की मग पेल्याकडे वळावे. परंतु तेथेही जिभेच्या आधी नाकाला मान द्यावा. मोठमोठ्या कंपन्यांतील ज्या तज्ज्ञांच्या निर्णयावर लक्षावधी बाटल्यांचे भवितव्य अवलंबून असते, ते मिश्रणकार आपले काम मुख्यतः हुंगून करतात. व्हिस्कीत पाणी घालून तिची तीव्रता वीस टक्क्यांच्या आसपास आणावयाची, नमुन्यांमागून नमुने नाकाशी धरावयाचे आणि घोट क्वचितच घ्यावयाचा, हा त्यांचा शिरस्ता आहे. ज्याला या विद्येतील अधिकारी पुरुष म्हणावयाचे, तो कामाच्या वेळी जवळजवळ पीतच नाही! आपल्याकडील बैठकीत याच्या नेमके उलट घडते. रुंद तोंडाच्या ग्लासात मोठा पेग ओतला जातो, त्यावर बर्फ आणि सोडा पडतो, जोडीला कांदा-लिंबू पिळलेला तिखट चकणा येतो, आणि मग गार झाल्यामुळे गंध दबलेला व तिखटाने जीभ बधिर झालेली, अशा अवस्थेत त्या बिचाऱ्या बाटलीविषयी ‘स्मूथ आहे’ एवढा एकच अभिप्राय उच्चारला जातो. सोडा घालून पिणे हा गुन्हा नव्हे, जपानी लोक तो मोठ्या नजाकतीने घालतात; परंतु ज्याला शिकावयाचे आहे त्याने निदान पहिला अर्धा तास तरी बर्फ दूर ठेवावा, तोंडाशी निमुळता होणारा लहान पेला घ्यावा, तीस मिलिलिटरहून अधिक ओतू नये, आणि थोड्या वेळाने चमच्याने काही थेंब पाणी घालून गंधात काय पालट होतो ते पाहावे. हे थेंब म्हणजे केवळ जुन्या लोकांचा समज नव्हे; धुराच्या गंधाचे एक प्रमुख द्रव्य जे ग्वायाकॉल, ते पाण्याने व्हिस्की सौम्य झाली असता द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकते आणि म्हणून नाकाला अधिक जाणवते, असे स्वीडनमधील दोन संशोधकांनी संगणकीय अभ्यासाने २०१७ साली दाखविले आहे.

एकटी व्हिस्की मात्र काही शिकवीत नाही. शिकविते ती तुलना. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर तेच पाच असूनही वादी स्वर आणि चलन यांच्या भेदाने ते निराळे होतात, हे पुस्तकात वाचून कळत नाही, दोन्ही लागोपाठ ऐकावे लागतात. तद्वतच एकाच आसवनीची बर्बनच्या पिंपातील आणि शेरीच्या पिंपातील व्हिस्की शेजारी शेजारी ठेवली म्हणजेच लाकूड काय करते याचा उलगडा होतो, आणि पीट जाळलेली व न जाळलेली एकत्र ठेवली म्हणजे धुराची ओळख पटते. चार-पाच स्नेह्यांनी वर्गणी काढून दोन बाटल्या घ्याव्या, त्यांच्यावर कागद गुंडाळून नावे झाकावी, प्रत्येकाने आपले मत स्वतंत्रपणे वहीत लिहावे आणि मगच कागद सोडावा. किंमत दृष्टीआड गेली की किती जणांची अभिरुची जागा बदलते, हे पाहणे हा या अभ्यासातील सर्वांत करमणुकीचा आणि सर्वांत नम्र करणारा भाग आहे.

वहीचे माहात्म्य जपानने जगाला दाखविले आहे. मासाताका ताकेत्सुरू हा तरुण रसायनशास्त्राचा विद्यार्थी १९१८ साली स्कॉटलंडला गेला, ग्लासगोत शिकला, लाँगमॉर्न आणि कॅम्पबेलटाउनमधील हेझलबर्न या आसवन्यांत त्याने उमेदवारी केली, आणि जे पाहिले ते बारकाईने टिपून ठेवले. त्या टिपणांच्या आधारावर शिंजिरो तोरी याच्या यामाझाकी येथील आसवनीची १९२३ साली पायाभरणी झाली आणि पुढे १९३४ साली ताकेत्सुरूने उत्तरेकडील योइची येथे स्वतःची आसवनी उभारली. ताकेत्सुरूची वही व्यवसायाची होती, हौशी रसिकाची वही अर्थातच सामान्य असेल. पण निरीक्षण लिहून ठेवण्याची शिस्त दोहोंत एकच.

या वहीत कोणत्या वस्तूंची नावे लिहावीत, याविषयी मात्र एक आग्रह धरावासा वाटतो. विलायती ग्रंथांतील वर्णने वाचून आपला रसिक हेदर नावाचे फूल आणि ख्रिसमसचा केक व्हिस्कीत शोधू लागतो. ज्या वस्तूंचा वास त्याने जन्मात घेतलेला नाही, त्या त्याला पेल्यात कशा सापडाव्या? वस्तुतः आपल्या स्वयंपाकघराएवढी गंधांची समृद्ध शाळा जगात थोडी असेल. लवंगेच्या वासाचे जे युजेनॉल, तेच ओकच्या लाकडातही असते. अमेरिकन ओकमधील लॅक्टोन या द्रव्यामुळे जो गंध येतो, त्याला कोकणातला मनुष्य निःशंकपणे खोबऱ्याचा म्हणेल. पिकल्या केळ्याचा जो गंध नव्या मद्यात कधी कधी जाणवतो, तो आंबवणात तयार होणाऱ्या एस्टरांचा असतो. शेरीच्या पिंपातील व्हिस्कीत खजूर, मनुका आणि काळा गूळ शोधावा, पीटच्या व्हिस्कीत चुलीवरच्या भाकरीचा करपलेला पापुद्रा शोधावा. वेलची, जायफळ, आमसूल, उन्हात तापलेला कडबा, जुनी पोथी, पहिल्या पावसातली माती, यांची ओळख आपल्याला आहे, आणि ज्याची ओळख आहे त्याचेच स्मरण होते.

आता आकड्याचे पाहू, कारण प्रतिष्ठेच्या दृष्टीने व्हिस्कीची सारी महती त्या एका आकड्यात साठविली आहे. बाटलीवरील वर्षांचा आकडा हा मिश्रणातील सर्वांत तरुण व्हिस्कीचे वय सांगतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि ते वय पिंपातील असते, बाटलीत भरल्यावर व्हिस्की म्हातारी होत नाही, म्हणून कपाटात वीस वर्षे ठेवलेली बारा वर्षांची बाटली बारा वर्षांचीच राहते. गडद रंगावरूनही वय ठरवू नये. रंगासाठी साधे कॅरेमल घालण्यास स्कॉटलंडचा कायदाही अनुज्ञा देतो. शिवाय वयाचे माप सर्व हवामानांत सारखे नसते. पिंपातून दरवर्षी जे मद्य हवेत उडून जाते, त्याला स्कॉच लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा सालिना सुमारे २ टक्के असतो, तर बंगळूरच्या उष्म्यात तो दहा टक्क्यांच्या घरात जातो, आणि त्याच वेगाने लाकूडही आपले गुण मद्यात उतरविते. बंगळूरच्या अमृत या आसवनीने आपली ८ वर्षांची व्हिस्की बाजारात आणली, तेव्हा तिला ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे अधाशी देवदूत, असे नाव दिले, त्यात विनोद होता तसे शास्त्रही होते. याच अमृतने २००४ साली आपली सिंगल माल्ट प्रथम ग्लासगोत विकावयास ठेवण्याचे धाडस केले, आणि गोव्यात कुंकळ्ळी येथे तयार होणारी पॉल जॉन २०१२ साली लंडनमध्ये अवतरली. भारतीय जवापासून, भारतीय उन्हात मुरलेली ही मद्ये अठराच्या आकड्यावर भाळलेल्या गिऱ्हाइकाच्या नजरेत भरणार नाहीत. परंतु नाकाने परीक्षा करणाऱ्याला त्यांची योग्यता कळावयास वेळ लागत नाही.

ही झाली अभिमानाची बाजू. दुसरी बाजू तितकी सुखद नाही. आपल्या देशात व्हिस्की या नावाने जे खपते, त्यातील फार मोठ्या भागाचा जवाशी संबंध नाममात्र असतो. उसाच्या मळीपासून काढलेला शुद्ध, निर्गंध मद्यार्क, त्यात थोडी माल्ट व्हिस्की, रंग आणि स्वाद, अशी त्याची घडण दीर्घकाळ चालत आली आहे; अलीकडे मळीच्या जागी धान्याचा मद्यार्क पुष्कळ ठिकाणी वापरतात, पण भारतीय नियम मळीच्या मद्यार्कालाही व्हिस्की म्हणू देतात, युरोपीय संघात मात्र तो त्या नावाने विकता येत नाही. साखर कारखान्यांच्या या राज्यात मळीची निंदा करण्याचे कारण नाही. मळीपासून जगात उत्तम रम होते. आक्षेप आहे तो नावाच्या सैलपणाला.

हाच प्रश्न एकदा इंग्लंडातही उपस्थित झाला होता. लंडनमधील इझलिंग्टन या भागाच्या स्थानिक मंडळाने विसाव्या शतकाच्या आरंभी, कॉफीच्या स्तंभातील मद्य व्हिस्की म्हणून विकणाऱ्या दुकानदारांवर खटले भरले. प्रकरण इतके वाढले की व्हिस्की म्हणजे काय हे ठरविण्यासाठी शाही आयोग नेमावा लागला, आणि १९०९ साली त्याने निर्णय दिला की, तांब्याच्या पात्रातील आणि स्तंभातील अशी दोन्ही प्रकारची मद्ये व्हिस्कीच होत, मात्र ती माल्टच्या साहाय्याने साखर उतरविलेल्या धान्याचीच असली पाहिजेत. निर्णय कोणास रुचला, कोणास नाही. पण एका नगरपालिकेने प्रश्न विचारला आणि राज्यास त्याचे उत्तर द्यावे लागले, ही गोष्ट महत्त्वाची. आपल्याकडे असा प्रश्न विचारणारी नगरपालिका निघाली नाही, कारण पाप समजणाऱ्याला पापाची प्रत विचारावयाची नसते आणि मिरविणाऱ्याला आतल्या मद्याशी कर्तव्य नसते.

सरकारची वृत्तीही याच दुटप्पीपणाची आहे. महाराष्ट्रात आजही १९४९ सालचा दारूबंदी कायदा अमलात आहे. त्याच्या चौकटीत मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो, कडक मद्यासाठी वयाची अट पंचवीस वर्षांची आहे, आणि राज्याच्या तिजोरीत मद्याच्या करातून भरघोस भर पडत असते. बंदीच्या नावाखाली विक्री आणि आरोग्याच्या नावाखाली परवाना, अशा कारभारात गिऱ्हाइकाला माहिती देण्याचे कर्तव्य कोणाचेच उरत नाही. दुकानात क्वार्टर मागणाऱ्या मजुरापासून ते काचेचे कपाट सजविणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला आपण काय पितो हे कळण्याचा हक्क आहे, आणि त्यातही मजुराचा हक्क अधिक निकडीचा आहे, कारण त्याच्याकडे निवड कमी असते.

म्हणून मागणी एवढीच आहे. मद्यार्क मळीचा की धान्याचा, माल्टचे प्रमाण किती, ते लाकडात किती वर्षे मुरले, रंग व स्वाद घातला की नाही, हे प्रत्येक बाटलीवर ठळक आणि मराठीत छापण्याची सक्ती राज्याने करावी. जे सरकार प्रत्येक बाटलीमागे कर घेते, त्याला हा मजकूर छापून घेणे अशक्य नाही. रसिकाकडून अपेक्षा याहून कठीण आहे. त्याने एक बाटली महिनोन् महिने पुरवावी, मिळालेले ज्ञान गोव्याच्या काजूफेणीपर्यंतही न्यावे, कारण २००९ साली भौगोलिक मानांकन मिळविणाऱ्या त्या पेयाचीही अशीच सूक्ष्म परीक्षा करता येते. आणि पहिल्या पेल्यात जे गंध ओळखता आले ते दुसऱ्यात ओळखता येईनासे झाले की, त्या दिवसापुरता अभ्यास संपला असे समजून बूच लावावे. ज्याला त्या क्षणी बूच लावता येत नाही, त्याने स्वतःस रसिक म्हणवून घेऊ नये. त्याच्यासाठी गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे.